गिरजामायचं नख

गिरजामायनं माझ्या दारात पहिल्यांदा पाऊल टाकलं ते माझं सरपण बाहेर फेकायला.

सत्तावन्न साल. मी सरकारी नर्स म्हणून त्या गावात येऊन चारच दिवस झाले होते. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीच्या अलीकडचं, जंगलाला पाठ लावून बसलेलं. नाव लिहीत नाही. यात ज्यांची गोष्ट येणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं राहतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा माझीच अब्रू यात जास्त जाणार आहे. तेव्हा गावाला कशाला मध्ये घ्या.

मी वर्ध्याच्या शिंप्याची मुलगी. घरी चूल आईच्या ताब्यात, माझा संबंध फक्त जेवणाशी. इथं पाटलांनी राहायला गोठ्याला लागून असलेली खोली दिली होती, आणि एका गाडीवाल्यानं नवखी बाई बघून गाडीभर लाकूड गळ्यात मारलं होतं. ते पेटायचं नाही, नुसतं धुमसायचं. चौथ्या दिवशी सकाळी फुंकणी फुंकून फुंकून मी रडकुंडीला आले होते, तेवढ्यात दारातला उजेड अडला. पन्नाशीची काटकुळी बाई, डोक्यावर मोळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिनं मोळी उतरवली, उंबऱ्याबाहेरूनच हात लांब करून चुलीतलं एक लाकूड ओढलं, आंगठ्याच्या नखानं त्याची साल खरवडली, वास घेतला आणि ते लाकूड मागे अंगणात भिरकावून दिलं.

"हे मोई व्हय," ती म्हणाली. "याच्यावर पानी तपत नाही, भाकर कायची होते."

मग मला न विचारता तिनं ओसरीतली मोईची सगळी लाकडं एकेक करून बाहेर फेकली. आपली मोळी सोडली, त्यातली पाच-सहा जाड, वजनदार लाकडं माझ्यापुढे ठेवली. हा धावडा, म्हणाली, दोनच लाव, तिसरं लावशीन तं भाकर जयन. तिच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ व्हायचा, जयन म्हणजे जळेल. त्या दिवशी माझ्या हातची भाकरी जन्मात पहिल्यांदा फुगली. ती बाहेर उकिडवी बसून बघत होती. मी अर्धी भाकरी पुढे केली तेव्हा तिनं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पाटलांच्या घराकडे पाहिलं, आणि मग ती पदरात घेतली. त्या दिवसापासून माझ्याकडे मोळी तिचीच.

ती राहायची गावाबाहेरच्या पुऱ्यात. वर्षभरापूर्वी त्या वस्तीनं दीक्षा घेतली होती, घराघरांतले जुने देव नाल्यात सोडले होते आणि स्वतःला बौद्ध म्हणायला सुरुवात केली होती. गाव मात्र वस्तीला जुन्याच नावानं हाक मारी. मला ते नाव तेव्हाही तोंडात घ्यावंसं वाटलं नाही, पण मी गावासमोर ते कधी दुरुस्तही केलं नाही. माझ्या स्वभावाचा हा भाग वाचकांनी आत्ताच लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

तिचं ते नख जाड, पिवळं, पुढे आलेलं. सगळी परीक्षा त्यानंच. उन्हाळ्यात त्या जंगलात सगळीच झाडं बोडकी असतात. मेलेलं कोणतं आणि नुसती पानं झडलेलं कोणतं, हे बघून कळत नाही. ती साल खरवडायची. आत हिरवी रेघ दिसली की पुढे चालायचं. तपकिरी निघालं की मग कुऱ्हाड. जंगल नाकेदाराची भीती होतीच. वाळलेलं, पडलेलं लाकूड डोईवर आणायला मुभा होती, हिरव्याला घाव घातला की गुन्हा. पण नाकेदार नसता तरी तिनं तेच केलं असतं. निजलेल्याले मारत नाही मी, असं ती म्हणायची, आणि त्यात काही मोठं सांगितल्याचा आव नसायचा.

कोणत्या कामाला कोणतं लाकूड, हे तिचं ठरलेलं. भाकरीला धावडा, त्याचा विस्तव पुढच्या वेळेपर्यंत राखेखाली जिवंत राहतो. बाळंतिणीच्या पाण्याला बाभूळ, कारण ती थोडी ओली असली तरी पेटते आणि बाळंतपण काही लाकूड वाळायची वाट बघत नाही. बाळाच्या धुरीला सालई, तिचा धूर गोड. पळस फक्त चहापुरता. भसकन पेटतो आणि तसाच विझतो. पळसाला ती जावईबुवाचा राग म्हणायची. मोह आणि चारोळीचा चार ही झाडं जाळायची नाहीत, ती खायला देतात. उंबर जाळायचा नाही. का, असं मी विचारलं तर म्हणाली, काहून ते मले माहीत नाही, माही सासू नाही जाये.

आणि बिबा. एवढ्या एका झाडाला ती लांबून वळसा घालून जायची. नवी नवरी असताना तिनं न ओळखता बिब्याची वाळकी फांदी चुलीत घातली होती. तोंड घागरीएवढं सुजलं, आठ दिवस डोळे उघडले नाहीत. हातावरचा काळा डाग अजून होता, तो ती दाखवायची. "बिबा मेल्यावरबी डसते," म्हणायची.

मी बाळंतपणाला गेले की तिला बोलवून घेई. गावातल्या घरांत तिला आत प्रवेश नव्हता. अंगणात तीन दगड मांडून ती जाळ घालायची. हंडा घरच्या बायका ठेवायच्या, घरच्याच बायका उतरवायच्या. तिनं हंड्याला हात लावला तर पाणी बाटायचं, पण त्याच हंड्याखाली तिनं घातलेला जाळ चालायचा. जाळाला विटाळ नसतो, असं गावानं आपल्या सोयीनं ठरवलं होतं. अर्ध्या गावाची पोरं तिच्या जाळावर तापलेल्या पाण्यानं धुतली गेली.

पहिल्याच पावसाळ्यात मला हिवतापानं धरलं. कुडकुडत, बरळत मी पडले होते आणि आता काही वर्धा परत दिसत नाही अशी माझी खात्री झाली होती. गिरजामाय दोन दिवस पुऱ्यातून पेज घेऊन आली. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, मी मरते आहे, माझ्या वडिलांना कळवा. तिनं माझा हात ओढला, मनगटावर ते नख लावलं आणि सर्रकन रेघ ओढली. चांगलीच लागली. मी ओरडले.

"आत हिरवं हाय," ती म्हणाली. "मरत नाही तू. पेज पे."

मी पेज प्याले आणि मेले नाही. त्यानंतर ती गमतीनं अधूनमधून माझं मनगट खरवडून बघायची. चारचौघींसमोर नर्सबाईचा असा पंचनामा व्हायचा, मला राग यायचा, आणि ती आली नाही तर करमायचं नाही.

आता त्या लाकडांबद्दल सांगते, ज्यांवरून सगळं झालं.

गावात कोणीही मेलं की सरणाचं लाकूड पुऱ्यानं आणायचं, अशी रीत होती. कधीपासून, ते कोणाला माहीत नव्हतं. सांगावा आला की हातातलं टाकून जंगलात जायचं, लाकूड वाहून आणायचं, मसणात सरण रचायचं आणि गावची माणसं आली की लांब जाऊन उभं राहायचं. गिरजामायचा नवरा बकाराम सरण रचण्यात वाकबगार. खाली ऐन, मध्ये धावडा, छातीवर जड खैर, पेटवणीला सालई. त्यानं रचलेलं सरण भर पावसातही जळायचं, असं गावच सांगे. आणि पुऱ्यातलं कोणी मेलं तर त्याला पुरायचे. एवढं लाकूड त्यांना कोण देणार.

मी यायच्या आधी एका श्रावणात पाटलांची आई गेली. पाऊस थांबेना. पुऱ्यात घराघरात आढ्याला, माळ्यावर जे वाळलं लाकूड होतं ते सगळं त्या सरणाला गेलं. चार दिवसांनी बकाराम गेला. गिरजामाय हे सांगताना दर वेळी एकाच जागी थांबायची. "गावाले जायू जायू त्याचे हात भाजले," म्हणायची, "अन् त्याले आमी चिखलात ठेवला. खड्ड्यात पानी होतं."

दीक्षा घेतल्यावर पुऱ्यानं ठरवलं की गावाच्या मर्तिकाचं लाकूड आणायचं नाही. काही म्हाताऱ्यांना धाक वाटत होता. गिरजामायला वाटला नाही. चुलीचं लाकूड ती कोणालाही द्यायची, सरणाचं कोणालाच नाही. तेल्याच्या घरी पोर गेलं तेव्हा तो बिचारा हात जोडून आला होता. तिनं लाकूड आणलं नाही. पण त्याच्याबरोबर जंगलापर्यंत चालत गेली, वाळलेला ऐन कुठे पडला आहे ते बोटानं दाखवलं आणि परत आली. कुऱ्हाड त्याची त्यानं चालवली.

स्वतःसाठी मात्र ती लाकूड साठवत होती. रोजच्या मोळीतलं एक धावड्याचं लाकूड ती काढून ठेवायची. झोपडीच्या पडवीत दगडांवर ते रचलेलं होतं, उधई, म्हणजे वाळवी, लागू नये म्हणून खाली राख पसरलेली. मुलगा सुदाम तिला चिडवायचा की माय मरणाची तयारी करते आणि मरत तर नाही. ती त्याला म्हणायची, मरीन तवा मले पुरू नका, जाया. बकारामसारखं चिखलात ठेवू नका. मला तिनं ती रास दाखवली होती, एकेक लाकूड हातात घेऊन. दुसरी बाई लेकीसाठी केलेली लुगडी दाखवते तशी. बस, आयुष्यात तिला एवढंच हवं होतं.

एकोणसाठच्या श्रावणात पाटलांचे थोरले भाऊ गेले. त्यांना सगळे दाजी म्हणत. पहाटे गेले आणि दिवस उजाडताच पाटलांचा गडी पुऱ्यात सांगावा घेऊन गेला. पुऱ्यानं नाही म्हटलं. पाऊस आदल्या रात्रीपासून धरलेला. थोड्या वेळानं गिरजामाय नेहमीची मोळी घेऊन माझ्याकडे आली. मोळी टाकली, पण गेली नाही. पागोळीखाली उभी राहून तिनं मला सांगितलं ते शब्दन् शब्द माझ्याजवळ आहे.

"नाल्याच्या वरच्या अंगाले एक उभा वायला बिबा हाय. पान नाही, फय नाही, वयखू येत नाही. उभा हाय म्हनून पान्यातबी वायला लागन त्यायले. त्याले कुऱ्हाड लावू नका म्हना. मी सांगायले गेली तं म्हनतीन, लाकडं आनत नाही अन् अक्कल शिकवते. तू सांग, बाई."

मी बरं म्हटलं. आणि गेलेही. पाटलांच्या अंगणात बायका रडत होत्या. पाटील ओसरीवर उभे राहून पुऱ्याला शिव्या देत होते. आईमाईवरून, मोठ्यानं, सगळ्यांनी ऐकाव्यात म्हणून. मी जोत्याच्या खाली उभी राहिले. मला वाटलं, यात आपण पुऱ्याचा निरोप कसा सांगायचा. तुम्ही कधीपासून त्यांचे निरोप आणता, असं विचारलं तर. माझी खोली त्यांचीच होती. थोडं शांत होऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं आणि आत जाऊन बायकांसाठी चहा ठेवला. बाहेर आले तेव्हा गडी आणि भावकीतली पोरं कुऱ्हाडी घेऊन निघून गेली होती. त्यांच्यात दाजींचा धाकटा मुलगा वसंताही होता. मी मागे कोणाला तरी धाडू शकले असते. मी कपबश्या धुतल्या.

त्यांनी नेमकं तेच झाड तोडलं. बिब्याची फळं गावात प्रत्येक घरी असतात, अंगदुखीला, खुणेला, औषधाला. झाडही पाना-फळांवरून सगळे ओळखतात. पण वाळून उभा राहिलेला बिबा ओळखायचं काम गावानं पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांवर टाकलं होतं, आणि ते दुसरे आता येत नव्हते. भर पावसात एकच लाकूड कोरडं निघालं याचा त्या पोरांना आनंदच झाला असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून माझ्या दारात रांग लागली. जे जे धुरात उभे होते त्यांची तोंडं सुजली होती, पापण्या मिटून गेल्या होत्या, हातांवर पाणी धरलेले फोड. गिरजामायनं पुऱ्यातून निरोप पाठवला की खोबरं चावून त्याचा चोथा लावा. मी खोबरेल लावत होते, तिचं ऐकून तेही केलं. बाकीचे पंधरा दिवसांत बरे झाले. वसंताच्या डाव्या डोळ्यात लाकूड फोडताना ढलपी उडाली होती. मी धुतला, पट्टी बांधली, गाडीनं वणीला पाठवला. तिथून तो परत आला तेव्हा त्या डोळ्यानं दिसत नव्हतं. बावीस वर्षांचा मुलगा.

गावानं निदान एका दिवसात केलं. पुऱ्यानं बिबा घातला. लाकडं आणायची नव्हती म्हणून त्यांनी मुद्दाम ते झाड वाटेवर ठेवलं. कोणी म्हणालं मंत्र मारला. गिरजीला प्रत्येक झाड माहीत असतं, मग हे कसं माहीत नव्हतं?

याच दिवसांत मी सुदामच्या बायकोला तपासलं होतं. सातवा महिना, पहिलटकरीण, बाळ पायाळू. मी गिरजामायला बजावलं होतं की माझ्याशिवाय हिला बाळंत होऊ देऊ नको, हात घालावा लागेल, दुसऱ्या कोणाला जमणार नाही. तिनं हो म्हणून मान हलवली होती.

दाजींच्या तेराव्यानंतर पाटलांनी तिला आणि सुदामला अंगणात बोलावलं. मलाही बोलावलं. निम्मं गाव जमलेलं. वसंता ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यावर मीच बांधलेली पट्टी.

पाटलांनी विचारलं, गिरजे, तुले माहीत होतं का नाही तो बिबा हाय म्हनून?

"माहीत होतं," ती म्हणाली. "म्या सांगतलंबी होतं. नर्सबाईजवळ निरोप देल्ला होता."

सगळे माझ्याकडे वळले. पाटलांचा आवाज माझ्याशी बोलताना नेहमी मऊ व्हायचा, तेव्हाही झाला. "बाई, देल्ला होता का निरोप?"

मी वसंताच्या पट्टीकडे पाहिलं. हो म्हटलं की तो डोळा माझ्या नावावर जमा होणार होता. या अंगणातल्या प्रत्येक सुजलेल्या तोंडानं मला विचारलं असतं, मग बोलली का नाहीस. गिरजामाय माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. लाकूड वाळलेलं आहे हे नखानं बघून झाल्यावर माणूस निर्धास्त असतं, तशी.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

नाही, असं सरळ खोटंही मला बोलता आलं नाही. आठवत नाही म्हटलं. म्हणजे खोटंही मीच बोलले आणि वर शहाणीही मीच राहिले.

सुदाम एक पाऊल पुढे आला. गिरजामायनं हात आडवा करून त्याला थांबवलं. माझ्याकडे तिनं तेवढ्या वेळात एकदाच पाहिलं आणि मग पाटलांकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "बाईले काम भलतं असते पाटील. त्या दिशी पानीबी लय होतं. म्याच हलकं बोलली असन. तिले आयकू नसन आलं."

कितीतरी वर्षं मी याला तिचा मोठेपणा समजत होते. रडायचेही त्यावर. आता मला वाटतं की मोठेपणाला त्या दिवशी तिच्याकडे वेळ नव्हता. सून पायाळू बाळ पोटात घेऊन घरी बसली होती आणि त्या बाळाला सोडवू शकणारे हात पंचक्रोशीत माझेच होते. गावानं मला हाकललं असतं तर तिचं काय. तिनं मला वाचवलं ते त्या हातांसाठी.

आणि तेही वाया गेलं.

आठवड्याच्या आत नाकेदार पुऱ्यात आला. कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारायची गरज नव्हती. गिरजामायच्या पडवीतली धावड्याची रास म्हणजे चोरून तोडलेला हिरवा माल, असं त्यानं ठरवलं. वर्षानुवर्षं वाळलेल्या लाकडातून हिरवी रेघ तो कुठून काढून दाखवणार, आणि रेघच नाही असं म्हटलं तरी कोण ऐकणार. रास गाडीत भरली. गाडी माझ्याच दारावरून गेली. मी ओटीवर होते. मागोमाग सुदामला नेलं. तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा उजवा पाय ओढत होता. मग जंगलाची वाट पुऱ्याला बंद झाली. कोणी निंदणीला बोलावीना, कापूस फुटला तर वेचणीला बोलावीना. पुऱ्यातल्या बाकी घरांनी हळूहळू कुठे कुठे मिळवून घेतलं. गिरजामायच्या घरासाठी मात्र गावानं एकही दार उघडं ठेवलं नाही.

ती माझ्याकडे यायची थांबली होती. मी पुऱ्यात गेले नाही. सुनेला बघायला जायला हवं, नववा लागत आला असेल, असं रोज म्हणायचे. पाटलांच्या गोठ्यापाशी रोज कोणीतरी उभं असायचं. उद्या जाऊ, असं म्हणत मी तीन आठवडे काढले.

एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर मोळी होती. तुरीच्या तुऱ्हाट्या आणि बाभळीची थोडी लाकडं, नीट बांधलेली. जंगलातलं एकही लाकूड त्यात नव्हतं. पाणी भरायला आलेल्या बाईकडून कळलं की गिरजी आणि तिचं घर उजाडायच्या आधी गाव सोडून गेलं, वणीकडे, सून चालतच होती.

ती मोळी मी ठेवून दिली असं लिहायला बरं वाटलं असतं. जाळली. स्वयंपाक करायचा होता.

त्यानंतर ती मला एकदाच दिसली, दोन-तीन वर्षांनी. मी एका बाळंतिणीला घेऊन वणीला गेले होते. तिला दवाखान्यात सोडून परतीच्या गाडीची वाट बघत मालधक्क्याकडे भटकत गेले. तिथं मालगाडीच्या वाघिणींतून सांडलेला कोळसा बायका वेचत होत्या. तोंडं, हात, लुगडी, सगळं एकाच काळ्या रंगाचं. त्यांतली एक कोळशाचा तुकडा आंगठ्यानं खरवडून बघत होती. कोळशाला असं कोणी बघत नाही.

मी हाक मारली. तिनं मान वर केली. म्हातारी झाली होती. नख तुटून बोटापर्यंत आलं होतं.

मी विचारलं, ओळखलं का. नर्सबाईले कोन वयखत नाही, म्हणाली. मोळी कोण आणतं आता, असं तिनंच मला विचारलं. मी म्हटलं, गाडीवाल्याकडून घेते. "मोई देत असन तुले," ती म्हणाली, आणि थोडी हसली. सुदाम कोळशाच्या खाणीवर होता, पायानं अधू असल्यानं वर, पाट्या मोजायला. मग मी विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. सून?

"सून बरी हाय," ती म्हणाली. "लेकरू रस्त्यातच झालं. पाय आले अन् डोकं अटकलं. म्या केलं मले जमन तसं."

हे तिनं ओरडून सांगितलं असतं तर मला सोसलं असतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी टोपल्याकडे बोट दाखवलं, यावर भाकरी कशी होते म्हटलं. होते, म्हणाली. हातातला तुकडा तिनं पुन्हा आंगठ्यानं घासला. "याच्यात वायलं-ओलं काही समजत नाही बाई. सगयं सारखंच जयते." मग म्हणाली, "इथं लाकूड कोठचं. मले पुरतीन आता. बकारामसारखं."

या दोन-तीन वर्षांत जे मी कोणालाही बोलले नव्हते ते मी तेव्हा बोलले. म्हणाले, गिरजामाय, मला आठवत होतं. तेव्हाही आठवत होतं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली.

मी हात पुढे केला, मनगट वर करून. का केला, ते ती समजली असावी. तापाच्या दिवसांत धरला होता तोच हात होता. तिनं त्या हाताकडे बघितलं, बराच वेळ, साल बघावी तसं. मग खाली वाकली आणि टोपल्याची एक कड धरली.

"हात रिकामा हाय तं उचलू लाग," ती म्हणाली.

मी दुसरी कड धरली. टोपलं दोघींनी मिळून तिच्या डोक्यावर चढवलं. तिनं चुंबळ सारखी केली, वजन तोललं आणि रुळांच्या कडेनं चालू लागली. माझे दोन्ही हात काळे झाले होते. मनगटाला तिनं नख लावलं नव्हतं.